चष्मा घरीच नीट बसवण्याचा छोटा संच: काय उपयोगाचे, काय नाही

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात कटलरीच्या दुकानात चष्मादुरुस्तीचा एक छोटा संच मिळतो. तळहातावर मावेल अशी पारदर्शक प्लास्टिकची डबी, तिच्या कप्प्यांमध्ये वेगवेगळ्या मापांचे सुटे स्क्रू, सिलिकॉनच्या नोज पॅडच्या (नाकावर टेकणाऱ्या छोट्या गाद्यांच्या) काही जोड्या, एक बारीक चिमटा, एक छोटे भिंग, काडीच्या टोकावर चढवायच्या रबरी पकडी आणि तोंड बदलता येणारा एक स्क्रूड्रायव्हर, असा त्यातला ऐवज आहे. डबीवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही आणि असेच संच थोड्याफार फरकाने ऑनलाइनही मिळतात. मला तो दोनशे रुपयांच्या आत मिळाला. नौपाड्यातल्या आमच्या घरी चष्मा न लावणारे कोणी नाही आणि प्रत्येकाची फ्रेम वेगळ्या प्रकारची आहे: माझी जाड ॲसिटेटची, आईची पातळ धातूची व प्रोग्रेसिव्ह काचांची, भाचीची लवचीक टीआर-९० प्लास्टिकची आणि भावाची रिमलेस, म्हणजे काचांभोवती कड नसलेली. त्यामुळे या संचाची परीक्षा चारही प्रकार समोर ठेवून घेता आली. माझे मत आधीच सांगते. स्क्रू आणि नोज पॅड यांच्यासाठी हा संच अवश्य घ्यावा; मात्र चष्मा चेहऱ्यावर नीट बसवण्याचे जे खरे काम आहे, ते यातले एकही हत्यार करत नाही. ते काम बोटांनी करायचे असते आणि त्याविषयी डबीसोबत एक ओळही छापलेली नाही.

ही उणीव मला फार मोठी वाटते, कारण चष्मा कसा बसला आहे यावर त्याचा नंबर कसा काम करतो हेही अवलंबून असते. काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटर अंतरावर असेल असे सामान्यतः धरले जाते. नंबर लहान असेल तर चष्मा थोडा पुढे सरकल्याने फारसे बिघडत नाही, परंतु चारच्या पुढच्या नंबरांना ही सरकण जाणवू लागते. उणे आठ नंबरची काच नाकावरून ५ मिलिमीटर पुढे घसरली, तर डोळ्याला मिळणारी शक्ती सुमारे पाव ते एक तृतीयांश डायॉप्टरने (नंबर मोजण्याच्या एककाने) कमी होते आणि नंबर वाढला की काय अशी शंका येऊ लागते. प्रोग्रेसिव्ह काचेत तर दूरचे पाहण्याचा भाग वर, वाचण्याचा भाग खाली आणि त्या दोहोंना जोडणारा अरुंद पट्टा मध्ये अशी रचना असते, आणि ती बाहुलीच्या नेमक्या उंचीशी जुळवून बसवलेली असते. फ्रेम दोन-तीन मिलिमीटर खाली आली तरी वाचण्याचा भाग आवाक्याबाहेर जातो. आई गेले काही दिवस ‘‘अगं, पेपर वाचायला मान किती वर करायची मी?’’ असे म्हणत होती, त्याचे कारण तिच्या काचांमध्ये नव्हते; नोज पॅड फाकल्यामुळे फ्रेम खाली बसत होती. ठाण्याच्या दमट हवेत एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत नाकाला सतत घाम असतो, आणि जो चष्मा कोरड्या हवेत जेमतेम टिकून राहतो तो इथे हमखास घसरतो. म्हणून घसरणारा चष्मा ही निव्वळ गैरसोय आहे असे मानून दिवसभर तो बोटाने वर ढकलत बसणे योग्य नाही.

संचातल्या वस्तूंपैकी सर्वांत आधी स्क्रूड्रायव्हर पाहू. त्याच्या मुठीचे डोके मोकळे फिरते, त्यामुळे तर्जनीने वरून दाब देऊन अंगठा आणि मधल्या बोटाने तो फिरवता येतो. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तीच ही पद्धत असून ती चांगली आहे. पोलाद मात्र मऊ आहे. बिजागरीतला जुना, गंजाने धरलेला स्क्रू सोडवताना सपाट तोंडाची धार वळते, आणि धार वळली की ते स्क्रूच्या खाचेतून निसटून काचेवर चरा पडण्याचा धोका असतो. म्हणून काम करताना काचेवर कापडाची घडी किंवा चिकटपट्टी लावावी, चष्मा हातात अधांतरी न धरता टेबलावर पंचा अंथरून त्यावर ठेवावा, आणि घट्ट बसलेल्या स्क्रूला जोर लावण्याआधी त्यावर यंत्राच्या तेलाचा अगदी बारीक थेंब सोडून थोडा वेळ थांबावे. फुलीच्या तोंडाचा भाग तुलनेने टिकाऊ निघाला. षटकोनी खोबणीचे तिसरे तोंड रिमलेस चष्म्याच्या नटांसाठी आहे, पण ते बसते त्या चष्म्याला घरी हात लावूच नये. त्याचे कारण पुढे येईल.

स्क्रू हा या डबीतला सर्वांत उपयोगी भाग आहे. बिजागरीचा स्क्रू आणि नोज पॅडचा स्क्रू यांत स्पष्ट फरक असतो. पॅडचा स्क्रू अधिक बारीक आणि आखूड असतो, तो बिजागरीत धरत नाही, आणि बिजागरीचा स्क्रू पॅडच्या खाचेत बळेच घातला तर तिथले आटे जातात. डबीत दोन्ही प्रकार आहेत, परंतु कप्प्यांवर मापे लिहिलेली नाहीत, त्यामुळे जुना स्क्रू शेजारी ठेवून भिंगातून जोडी जुळवावी लागते. काही स्क्रूंना पुढे लांब, बिनआट्याची शेपटी आहे. हे मला फार आवडले. शेपटी बिजागरीतून सहज आरपार जाते, दुसऱ्या बाजूने ती चिमट्याने धरता येते, आणि स्क्रू पूर्ण बसला की जास्तीची शेपटी मोडून टाकता येते. उतारवयात हात थोडे कापू लागलेल्या माणसालाही यामुळे बिजागरी जुळवणे जमते. स्क्रू बसवल्यानंतर काडी उघडून मिटून पाहावी. काडी स्वतःच्या वजनाने लोंबकळत असेल तर स्क्रू सैल आहे, आणि मिटताना करकरत असेल तर तो जास्त आवळला गेला आहे. वारंवार सैल होणाऱ्या स्क्रूच्या डोक्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक ठिपका लावला की तो बराच काळ जागचा हलत नाही आणि पुढे गरज पडल्यास सोडवताही येतो. या कामासाठी झटकन चिकटणारा गोंद मात्र कधीही वापरू नये: त्याच्या वाफेने काचेवर पांढुरका थर चढतो, आणि तो स्क्रू पुन्हा बाहेर काढणे जवळजवळ अशक्य होते. ज्या काडीच्या बिजागरीत स्प्रिंग असते, तिथे स्क्रूचे भोक जुळवण्यासाठी स्प्रिंग ताणून धरावी लागते. ती सोय या संचात नाही, त्यामुळे ते काम दुकानात द्यावे.

नोज पॅडच्या बाबतीत संच घेण्यापूर्वी आपल्या फ्रेमचा प्रकार पाहून घ्यावा. धातूच्या फ्रेमला पॅड दोन प्रकारे जोडलेले असतात: काहींना बारीक स्क्रू असतो, तर काही नुसते दाबून खटकन बसवायचे असतात. या डबीतले सर्व पॅड स्क्रूचे आहेत. आईच्या फ्रेमला ते चालले. जुने पॅड पिवळे पडून कडक झाले होते आणि त्यांच्या मागे हिरवट किटण साचले होते. तांबे मिसळलेल्या धातूवर घाम आणि त्वचेचे तेल यांची क्रिया होऊन हा हिरवा थर येतो, आणि तो मऊ ब्रश, साबणाचे कोमट पाणी आणि थोडा संयम यांनी निघतो. पॅड बदलताना एका वेळी एकच काढावा, म्हणजे दुसऱ्याकडे पाहून दिशा आणि तिरकेपणा जुळवता येतो. सिलिकॉनचे पॅड मऊ आहेत, नाकावर वळ उठत नाहीत आणि घामातही बऱ्यापैकी धरून राहतात. त्यांच्या आकारात निवड फारशी नाही, ही तक्रार आहे. जड काचांसाठी मोठा पॅड हवा असतो, म्हणजे वजन अधिक जागेवर विभागले जाते, आणि तसे मोठे पॅड डबीत नव्हते.

आता बोटांच्या कामाकडे येऊ. याबद्दल मला जे समजले, त्यातले बरेचसे राम मारुती रोडच्या एका गल्लीतल्या जुन्या चष्म्याच्या दुकानात काउंटरसमोर उभे राहून पाहण्यातून आणि विचारण्यातून मिळालेले आहे. आईची फ्रेम दाखवून ‘‘काका, पॅड आवळले की घसरायचा थांबेल ना?’’ असे मी विचारले, तेव्हा तिथल्या वयस्कर कारागिरांनी फ्रेम आधी माझ्या हातातून घेतली आणि मग सांगितले, ‘‘ताई, पॅड मागाहून. आधी काड्या बघा. चष्मा टेकतो नाकावर, पण त्याला धरून ठेवतात कान.’’ त्यांनी दाखवलेला क्रमच मी घरी पाळते, आणि हा क्रम अशा प्रत्येक डबीत छापून द्यायला हवा असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

पहिली पाहणी चेहऱ्यावर न करता टेबलावर करायची. काड्या उघडून चष्मा सपाट टेबलावर उलटा ठेवावा, म्हणजे फ्रेमची वरची कड आणि दोन्ही काड्या टेबलाला टेकतील. चारही ठिकाणी स्पर्श व्हायला हवा. एखादी काडी अधांतरी राहत असेल, तर तिच्याखालून कागदाची चिठ्ठी सहज सरकते आणि नजरेला न जाणवणारा फरकही कळतो. एका हाताने चष्मा काढायची सवय असलेल्यांच्या फ्रेममध्ये हा दोष जवळजवळ नेहमी सापडतो, कारण त्या ओढीने त्याच बाजूची काडी बाहेर फाकत जाते. त्यानंतर चष्मा समोरून पाहावा. दोन्ही काचा एकाच प्रतलात नसतील, म्हणजे एक किंचित वर आणि दुसरी खाली पाहत असेल, तर मधला पूल, म्हणजे दोन काचांना जोडणारा नाकावरचा भाग, पिळवटला गेला आहे असे समजावे आणि तिथे घरी हात लावू नये. जोड तुटण्याची सर्वाधिक शक्यता तिथेच असते.

टेबलावर सरळ असलेला चष्मा चेहऱ्यावर वाकडा दिसू शकतो, कारण बहुतेकांचे दोन्ही कान सारख्या उंचीवर नसतात. इथे दिशेचा घोटाळा होतो, म्हणून नियम नीट लक्षात ठेवावा. आरशात जी बाजू वर दिसते, त्याच बाजूची काडी बिजागरीपाशी वरच्या दिशेने वळवायची. कानाची उंची बदलत नाही, त्यामुळे काडी वर वळली की त्या बाजूची काच खाली येते. दुसरा नियम काचेच्या अंतराचा आहे. डोके खाली करून वरून कोणाला तरी पाहायला सांगावे. जी काच चेहऱ्याच्या अधिक जवळ आली असेल, त्या बाजूची काडी आत वळवावी, आणि जी लांब गेली असेल तिच्या बाजूची बाहेर. वळवताना बिजागरीवर कधीही जोर देऊ नये. एका हाताच्या चिमटीत फ्रेमचा कोपरा बिजागरीच्या पुढे घट्ट धरावा आणि दुसऱ्या हाताने काडी अगदी थोडी वळवून पुन्हा टेबलावर आणि चेहऱ्यावर तपासावी. धातू हळूहळू वळवला तर ऐकतो; एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहिले तर थकून तुटतो.

घसरण्याचे मूळ बहुतेक वेळा काडीच्या कानामागच्या बाकात असते. हा बाक कानाच्या वरच्या टोकाला ओलांडल्याबरोबर सुरू व्हायला हवा. तो फार मागे सुरू होत असेल तर काडी कानावर नुसती आडवी पडून राहते आणि मान खाली घातली की चष्मा पुढे येतो. फार पुढे सुरू होत असेल तर चष्मा मागे ओढला जातो आणि संध्याकाळपर्यंत कानामागे दुखू लागते. बाकाची जागा ठरवण्यासाठी चष्मा लावून आरशात पाहत काडीवर कानाच्या टोकाशी पुसता येईल अशी बारीक खूण करावी. धातूच्या काडीच्या टोकावर प्लास्टिकचे आवरण असते. ते आधी थोडे गरम करून घ्यावे, नाहीतर वाकवताना ते तडकते. ॲसिटेटच्या काडीला तर गरम केल्याशिवाय हातच लावू नये. ॲसिटेट हे कापूस किंवा लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून बनते, उष्णतेने मऊ होते आणि थंड झाल्यावर दिलेला आकार धरून ठेवते. काडीचे फक्त टोक गरम पाण्यात अर्धा-एक मिनिट धरावे. पाणी हाताला सोसणार नाही इतके गरम असावे, पण उकळते नसावे. मग कोरड्या कापडात धरून बाक द्यावा आणि त्याच स्थितीत गार पाण्याखाली धरावे. केस वाळवण्याचे यंत्रही चालते, पण त्याचा झोत काचेकडे जाता कामा नये. काचेवरचा प्रतिबिंबरोधक थर आणि खालची काच उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि थरावर बारीक जाळीसारख्या भेगा पडतात, ज्या कोणत्याही उपायाने जात नाहीत. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नये, त्याचेही कारण हेच आहे.

टीआर-९० च्या फ्रेमपुढे मात्र हे सारे उपाय तोकडे पडतात. ते एक प्रकारचे नायलॉन आहे. हलके आहे, मुलांनी आपटले तरी सहसा तुटत नाही, आणि वाकवले तर पुन्हा मूळ जागी येते. मुलांच्या फ्रेममध्ये जो गुण म्हणून विकला जातो, तोच बसवण्याच्या वेळी अडचणीचा ठरतो. अशा फ्रेमसाठी डबीतल्या रबरी पकडी उपयोगी पडल्या. त्या काडीच्या टोकावरून सरकवून कानाच्या मागे टेकतील अशा बसवायच्या असतात. भाचीचा चष्मा शाळेत खेळतानाही जागेवर राहू लागला. या पकडी आठवड्यातून एकदा काढून साबणाने धुवाव्या लागतात, कारण आत घाम साचून त्वचेला खाज सुटते. मूल चष्म्याच्या वरून पाहत असेल, तर पालकांनी रागावण्याआधी फ्रेम खाली घसरली आहे का ते पाहावे.

घोडबंदर रोडने रोज दुचाकीवरून जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. चष्मा लावलेला असतानाच हेल्मेट चढवले की काड्या दोन्ही बाजूंनी बाहेर ढकलल्या जातात आणि चष्मा कितीही नीट बसवला तरी थोड्या दिवसांत पुन्हा सैल होतो. आधी हेल्मेट घालावे, मग हेल्मेटची काच वर करून चष्म्याच्या काड्या सरळ आत सरकवाव्यात; काढताना आधी चष्मा, नंतर हेल्मेट.

काड्या जुळल्यानंतरच पॅडकडे वळावे. दोन पॅडमधील अंतर कमी केले की चष्मा वर चढतो, वाढवले की खाली उतरतो. पॅड धरणाऱ्या तारा फार नाजूक असतात. त्यासाठी गुळगुळीत जबड्यांची बारीक पक्कड लागते, ती डबीत नाही, आणि घरातल्या दातेरी पकडीने तारेवर ओरखडे पडतात. अंगठ्याच्या नखाने दोन्ही पॅड समान दाबता येतात, पण तेवढेच. फ्रेमचा खालचा काठ गालांकडे थोडा झुकलेला असावा, साधारण ८ ते १२ अंश. हसल्यावर काठ गालाला टेकत असेल तर हा झुकाव जास्त आहे किंवा पॅड खाली आले आहेत. जाड ॲसिटेटच्या फ्रेमचा पूल नाकाला मोठा होत असेल, तर तो वाकवून लहान करता येत नाही. त्यावर सिलिकॉनचे चिकटवायचे पॅड हाच घरगुती इलाज आहे, आणि ते वेगळे विकत घ्यावे लागतात. म्हणून नवी फ्रेम घेतानाच काडीच्या आतल्या बाजूला छापलेले तीन आकडे वाचावेत. ५२, १८, १४० असे लिहिलेले असेल तर काच ५२ मिलिमीटर रुंद, पूल १८ मिलिमीटर आणि काडी १४० मिलिमीटर लांब असा त्याचा अर्थ होतो. जो चष्मा आपल्याला सुखकर वाटतो त्याचे आकडे लिहून ठेवले की ऑनलाइन खरेदीतही फसगत टळते.

रिमलेस चष्मा मी टेबलावर ठेवून पाहण्यापलीकडे हाताळला नाही. त्यात काड्या आणि पूल थेट काचेला भोक पाडून जोडलेले असतात, आणि काडीला दिलेला पीळ सरळ त्या भोकाच्या कडेवर येऊन काच तडकते. दुकानात कारागीर एका हाताने जोड पकडीत स्थिर धरून दुसऱ्या हाताने काडी वळवतो, ते दोन हत्यारांचे काम आहे. वाकवली तरी मूळ आकारात परत येणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या फ्रेम आणि नवीनच घेतलेल्या प्रोग्रेसिव्ह काचा यांच्या बाबतीतही मी दुकानच सुचवीन. आईच्या चष्म्याचे स्क्रू आणि पॅड मी घरी बदलले, परंतु उंची जुळवून घ्यायला त्या कारागिरांकडेच गेले. त्यांनी तिला खुर्चीत ताठ बसवले, समोर दूर पाहायला सांगितले, काचेवर बाहुलीच्या जागी खूण केली आणि मग पॅड जुळवले. या कामाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. फ्रेम जिथून घेतली त्या दुकानात बहुधा हे असेच करून देतात, म्हणून विचारायला संकोच करू नये. दुकानात गरम हवेचे यंत्र असते, त्यामुळे ॲसिटेटची पूर्ण फ्रेम सारखी गरम होते. घरच्या पाण्याने ते साधत नाही.

डबीतले भिंग धूसर आहे, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून पाहिले तर स्क्रूची खाच अधिक स्पष्ट दिसते. चिमटा बरा आहे, फक्त त्याची टोके एकमेकांवर नीट जुळतात की नाही हे दुकानातच दाबून पाहावे. झाकणाची कडी सैल असल्याने डबी आडवी पडली की सगळे स्क्रू एकमेकांत मिसळतात. मी त्यातले शेपटीचे स्क्रू काढून औषधाच्या छोट्या बाटलीत ठेवले आहेत, आणि घरात रांगते मूल असेल तर संपूर्ण डबीच उंचावर ठेवावी.